खारं पाणी, तांब्याची जाळी

नायगाव स्टेशनच्या पश्चिमेला उतरून उमेळ्याकडे निघालं की दोन जातींचं पाणी शेजारी शेजारी नांदताना दिसतं. खाडीच्या अंगाला मिठागरांचे चौकोनी वाफे, त्यात भरतीला घेतलेलं पाणी. आत वाड्यांमध्ये विहिरी आणि बावखलं, म्हणजे वाडीतली तळी, ज्यांच्या गोड्या पाण्यावर वसईची केळी, पानवेली आणि फुलं पिढ्यान्‌पिढ्या वाढली. या दोन पाण्यांमधली सीमा आता पहिल्यासारखी राहिलेली नाही. टँकरने उपसा वाढला तसं गोडं पाणी खाली गेलं आणि त्याची जागा घ्यायला खारं पाणी आत सरकलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने या उपशाविरुद्ध जो लढा दिला, तो शेती आणि पिण्याच्या पाण्यासाठी होता. याच पाण्याचा एक परिणाम मात्र कुणाच्या भाषणात आला नाही. तो दिसतो जुन्या मोटारींच्या रेडिएटरमध्ये.

उमेळे, उमेळमान, पापडी या पट्ट्यात अजूनही अंगणात ताडपत्रीखाली उभी असलेली फियाट दिसते, मारुती ८०० तर रोजच्या वापरात असते. एमएच-०४ ची पाटी, म्हणजे वसईला स्वतःचं एमएच-४८ मिळण्याआधीची, ठाण्याच्या आरटीओची. या गाड्या मालकांनी विकल्या नाहीत, कारण वडिलांनी घेतलेली गाडी विकायला हात धजत नाही, आणि दुसरं म्हणजे त्या अजून चालतात. चालतात म्हणजे घरापासून पापडीच्या बाजारापर्यंत, पापडीपासून स्टेशनपर्यंत. लांबच्या रस्त्याला काढल्या की तापतात. मग बोनेट उघडून, शेजारच्या घरातून बादली मागून, समोर आलेलं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं जातं. उमेळ्यात ते पाणी बहुतेक वेळा विहिरीचं किंवा बोअरचं असतं. गाडीचं आयुष्य तिथे कमी होतं, आणि दोष गाडीच्या वयावर जातो. या लेखात मला एवढंच मांडायचं आहे की जुन्या गाड्या म्हातारपणाने फार कमी मरतात. बहुतेक पाण्याने मरतात, आणि ते मरण टाळता येतं.

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलमधली सगळी ताकद चाकांपर्यंत पोहोचत नाही. जुन्या इंजिनात जेमतेम पाव हिस्सा कामी येतो. बाकीची उष्णता काही सायलेन्सरवाटे धुरासोबत जाते, आणि साधारण एक तृतीयांश उष्णता इंजिनाच्या भिंतींतून पाण्यात उतरते. हे पाणी पंपाने फिरतं, रेडिएटरच्या वरच्या टाकीत येतं, बारीक चपट्या नळ्यांतून खाली उतरतं आणि उतरताना आपली उष्णता नळ्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्यांना, म्हणजे फिन्सना देतं. पुढून येणारा वारा ती घेऊन जातो. जेवढी ताकद चाकांना मिळते, जवळपास तेवढीच उष्णता या जाळीतून बाहेर पडावी लागते. पुढच्या ग्रिलमागे गुपचूप उभ्या असलेल्या त्या भागावर केवढा भार आहे, हे यावरून कळावं.

मोटारींच्या पहिल्या दिवसांत ही सोय नव्हती. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली, तेव्हा गाडीतलं पाणी उकळून वाफ होऊन जायचं आणि वाटेत मिळेल तिथे ते पुन्हा भरावं लागायचं. त्यावर खरा तोडगा विल्हेल्म मायबाख यांनी काढला. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या मर्सिडीज ३५ अश्वशक्तीच्या गाडीला त्यांनी मधमाशांच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर बसवला. त्यात सहा मिलिमीटर चौरस अशा ८,०७० नळ्या होत्या. पाण्याची गरज निम्म्यावर आली. नळ्यांची रचना पुढे बदलली, धातू बदलले, पण पातळ धातूच्या भरपूर पृष्ठभागावरून वारा वाहू द्यायचा हे तत्त्व आजही तेच आहे.

आपल्याकडची जुनी गाडी म्हटलं की आधी फियाट आठवते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडली. १९७४ पासून तिला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळालं. १,०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, त्यावर ॲल्युमिनियमचं हेड, आणि पुढे तांबे-पितळेचा रेडिएटर. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं रूपच या गाडीने ठरवलं. टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. खासगी पद्मिनी मात्र उरल्या.

पद्मिनीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन जोरात फिरलं तर पंखा जोरात, इंजिन मंद तर पंखाही मंद. मोकळ्या रस्त्यावर याने काही बिघडत नाही, कारण वारा समोरून आपोआप येतो. अडचण होते गाडी थांबल्यावर. नायगावहून बापाण्याला हायवेला लागायचं, ससूनवघर, मालजीपाडा पार करायचा आणि वर्सोव्याच्या पुलाकडे यायचं, हा रस्ता उमेळ्यातल्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेला आहे. २०२३ मध्ये खाडीवरचा नवा पूल सुरू झाला, तरी फाउंटन हॉटेलच्या नाक्यावर कोंडी व्हायची ती होतेच. पहिल्या गिअरमध्ये दहा पावलं, मग पाच मिनिटं उभं. इंजिन चालू आहे, उष्णता तयार होते आहे, पंखा रेंगाळतो आहे आणि शेजारच्या कंटेनरचा गरम धूर ग्रिलवर येतो आहे. रेडिएटरच्या थोड्याशा नळ्या बंद असल्या तरी एरवी कळत नाही. इथे कळतं.

डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने ही अडचण बरीचशी सोडवली. तिचा पंखा विजेवर चालतो. पाणी ठरावीक तापमानाला पोहोचलं की थर्मोस्विच तो सुरू करतो, आणि गाडी उभी असली तरी तो पूर्ण वेगाने फिरतो. बदल्यात दुरुस्तीचं खातं बदललं. स्विच गेला, फ्यूज उडाला, वायर कुरतडली गेली, मोटरचा कार्बन झिजला, तर पाणी स्वच्छ आणि जाळी मोकळी असूनही गाडी उकळते. म्हणून मारुती तापते अशी तक्रार आली की शहाणा मिस्त्री रेडिएटरला हात लावत नाही. आधी गाडी उभी ठेवून, इंजिन चालू ठेवून, पंखा आपोआप लागतो का ते बघतो.

आता पाण्याकडे येऊ. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापलं की ते सुटून जिथे सर्वांत जास्त गरम असेल तिथे चिकटतात. गाडीत ती जागा म्हणजे सिलिंडरच्या भोवतीची पोकळी आणि रेडिएटरच्या नळ्यांची तोंडं. तांबं उष्णता फार वेगाने वाहून नेतं. वाहकतेच्या मापात त्याचा आकडा ४०० च्या आसपास आहे, ओतीव लोखंडाचा ५० च्या आसपास, आणि या पांढऱ्या थराचा जेमतेम २. म्हणजे एक मिलिमीटर थर बसला तर उष्णतेच्या वाटेत दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचं लोखंड आडवं घातल्यासारखं झालं. तापमापीचा काटा बाहेरून ठीक दिसतो आणि आत एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळ हेड भाजत असतं.

खारं पाणी याहून वाईट. त्यातलं क्लोराइड ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावरचं नैसर्गिक संरक्षक कवच फोडून छोटे छोटे खड्डे पाडतं. शिवाय पद्मिनीत ॲल्युमिनियमचं हेड, लोखंडाचा ब्लॉक आणि तांब्याचा रेडिएटर असे तीन धातू एकाच पाण्यात बुडालेले असतात. पाणी जितकं खारं तितकं ते विजेचं वाहक चांगलं, आणि त्या सूक्ष्म विजेत बळी जातो तो ॲल्युमिनियमचा. हेडच्या पाण्याच्या वाटा कुरतडल्या जातात, गॅसकेट धरेनासं होतं. मालकाला वाटतं रेडिएटर खराब, प्रत्यक्षात हेड गेलेलं असतं. खाडीकाठच्या गावात बाहेरून येणारी खारी हवाही आपलं काम करते. तांब्याच्या फिन्स हिरवट पडतात, ॲल्युमिनियमच्या पांढऱ्या भुकटीसारख्या होतात, आणि खालच्या टोकाला हात लावला तर बोटाला गळून येतात. पावसात पाणी तुंबलं की तिथेच चिखल अडकतो. २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेलं होतं. तशा पुरातून गेलेल्या गाडीची सीट वाळवली जाते, इंजिन ऑइल बदललं जातं, आणि जाळीतला गाळ तसाच राहतो.

उपाय महाग नाही. बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर रेडिएटरलाही चालतं. पागोळ्यांची पहिली घाण जाऊ देऊन मग स्वच्छ भांड्यात धरलेलं पावसाचं पाणीही विहिरीच्या पाण्यापेक्षा शंभर पटीने बरं. काही घरांत आरओच्या फिल्टरमधून वाया जाणारं पाणी गाडीसाठी साठवतात, ते मात्र अजिबात घालू नये. फिल्टरने क्षार गाळून ज्या पाण्यात ढकलले, तेच हे पाणी आहे. वाटेत गाडी उकळलीच आणि दुसरं काही मिळालं नाही, तर मिळेल ते पाणी ओतून घरी यावं. पण घरी आल्यावर ते काढून टाकावं, आणि हे दुसरं काम सहसा राहून जातं.

वसई फाट्याच्या दोन्ही बाजूंना हायवेलगत ट्रक दुरुस्तीची जी रांग आहे, तिथे रेडिएटरवाल्याचं दुकान लगेच ओळखता येतं. दारात जुन्या जाळ्या एकमेकींना टेकवून ठेवलेल्या असतात, आत पाण्याचा सिमेंटचा हौद, गॅसची बत्ती, शिशाच्या आणि कथलाच्या कांड्या, नवसागराचे खडे, आणि हवेत ॲसिडचा नाकाला झोंबणारा वास. मुख्य गिऱ्हाईक ट्रक आणि टेम्पो. जुन्या कारचं काम अधूनमधून येतं, आणि आलं की मिस्त्री स्वतः पुढे होतो, शिकाऊ पोराकडे देत नाही. मी या कामाकडे बराच वेळ उभा राहून पाहिलं आहे, आणि त्यातली अक्कल लिहून ठेवण्यासारखी आहे.

पहिली पायरी म्हणजे रेडिएटर गाडीतून काढण्याआधीचं निरीक्षण. थंड गाडीचं झाकण उघडून बोट आत फिरवायचं. बोटाला तांबूस गंज लागला तर ब्लॉक आतून गंजतो आहे. पांढरट खर लागली तर पाणी जड आहे. तेलाचा तवंग दिसला आणि ऑइलच्या कांडीवर दुधाळ थर असला, तर रेडिएटर काढण्यात अर्थ नाही, हेड गॅसकेट बघायला हवं. इंजिन चालू करून उघड्या तोंडातून सतत बुडबुडे येत असतील तरी तेच निदान. रात्री उभ्या ठेवलेल्या गाडीचा होज पाइप सकाळी चपटा झालेला दिसला तर झाकणातला आत हवा घेणारा छोटा व्हॉल्व्ह अडकला आहे, आणि एवढ्यावर नवं झाकण घेऊन काम भागतं. याच दहा मिनिटांत अर्ध्या गिऱ्हाइकांचे पैसे वाचतात.

जाळी बाहेर काढली की वरचा-खालचा पाइप आणि ओव्हरफ्लोची नळी रबरी बुचांनी बंद करतात, एका वाटेने हवा भरतात आणि सगळी जाळी हौदात बुडवतात. जिथून बुडबुडा उठेल तिथे गळती. हवा बेताची द्यावी लागते, झाकणाच्या दाबाहून थोडीशीच जास्त. कॉम्प्रेसरचं तोंड पूर्ण उघडलं तर जुनी टाकी फुगून नवे सांधे उघडतात. गळती सापडली की तिथला रंग आणि हिरवा गंज तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासतात. मग जस्त घालून मारलेलं ॲसिड लावतात, बत्तीने तापवतात आणि डाग देतात. डाग देताना ज्योत स्थिर ठेवायची नाही, कारण शिसं-कथलाचं मिश्रण १८३ अंशांपासून वितळू लागतं, आणि शेजारचा जुना सांधाही त्याच मिश्रणाचा असतो. एक भोक बुजवताना दोन उघडायची, असं नवशिक्याच्या हातून होतं. निष्णात हात ओला फडका शेजारच्या सांध्यावर ठेवतो.

जाळी तुंबली असेल तर काम वाढतं. वरची पितळी टाकी सांध्यावर तापवून सोडवतात. उघड्या झालेल्या नळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं की कुठल्या पाण्यावर गाडी चालली ते कळतं. किती तरी नळ्या पांढऱ्या खराने पार मिटलेल्या असतात. कॉस्टिकच्या उकळत्या द्रावणात जाळी बुडवून ठेवतात, मग प्रत्येक नळीतून पातळ पोलादी पट्टी वरून खाली घालतात. जोर लावला तर नळी फाटते, कमी लावला तर खर निघत नाही. एखादी नळी सडलेली निघाली तर तिची दोन्ही टोकं डागाने बंद करतात आणि बाकीच्यांवर काम चालवतात. दोन-तीन नळ्या बंद झाल्या तर चालतं. आठ-दहा झाल्या तर नवी जाळी टाकून जुन्या टाक्या तिच्यावर बसवणं बरं. यालाच रिकोर म्हणतात, आणि जुन्या गाडीसाठी माझ्या मते तोच सर्वांत चांगला मार्ग आहे. टाक्या मूळच्या राहतात, बोल्टची भोकं जागच्या जागी राहतात, आणि जाळी नवी मिळते. शेवटी काळा रंग मारतात. तो अगदी पातळ हवा. जाड रंगाने जाळी सुंदर दिसते आणि उष्णता आतच अडते.

या कामात जी माणसं आयुष्य घालवतात, त्यांच्या फुप्फुसात काय जातं याचा विचार आपण गिऱ्हाइकांनी करायला हवा. ॲसिडची वाफ, शिशाची धूळ, कॉस्टिकचे शिंतोडे. शिसं शरीरात साठतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते सर्वांत जास्त बाधतं. दुकानाच्या मागेच घर असेल तर ही धूळ कपड्यांवरून घरात जाते. उघडी मागची भिंत, एक बाहेर ओढणारा पंखा, हातमोजे आणि चष्मा, जेवणाआधी साबणाने हात आणि घरी जाण्याआधी कपडे बदलणं, इतकं झालं तरी पुष्कळ. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पत्रेकामाचाही आहे. डाग देण्याचं हे काम त्या दोन्हींच्या मधे पडतं आणि म्हणून ते बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून पोराकडे, खोकत खोकत जातं.

रस्त्यावरच्या तात्पुरत्या उपायांत हळदीचं स्थान मोठं आहे. गळणाऱ्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकायची, हा सल्ला कोकणापासून विदर्भापर्यंत कुठलाही ट्रकवाला देईल. यात तथ्य आहे. हळदीचे कण गरम पाण्यात फुगतात आणि बारीक भोकाशी जमून वाट अडवतात, थेंब थेंब गळती थांबते. माणूस घरी पोहोचतो. पण ते कण भोक आणि नळी यांत फरक करत नाहीत. अरुंद झालेल्या नळ्याही त्याच हळदीने बंद होतात. बाजारात बाटलीत मिळणारे गळतीरोधक याच तत्त्वावर चालतात, त्यांनाही हाच नियम. बोरघाटाच्या मध्यावर हळद योग्य, घरी पोहोचल्यावर सगळं पाणी काढून धुणं आवश्यक. बाहेरून लावलेला इपॉक्सीचा गोळाही तसाच. पुढे डाग द्यायचा झाला तर तो खरवडायला मिस्त्रीचा अर्धा दिवस जातो.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याच्या सवयीबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण आपल्या उष्ण प्रदेशात ती जवळजवळ परंपरा झाली आहे. थर्मोस्टॅटमध्ये मेणाची एक कुपी असते. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांवर पोहोचलं की मेण वितळून फुगतं आणि रेडिएटरकडची वाट उघडते. तोवर पाणी इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर गरम होतं. कुपी जुनी झाली की बंदच अडकते आणि गाडी उकळते. मिस्त्री ती काढून फेकतो, गाडी चालते, सगळे खूश. पण थंड इंजिनात पेट्रोल नीट वाफ होत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, रिंगा झिजतात, ऑइलमध्ये काळा गाळ जमतो. काही इंजिनांत तर उलटंच होतं. थर्मोस्टॅट उघडताना जी आडवाट बंद करतो, ती उघडीच राहते, गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात शिरतं, आणि थर्मोस्टॅट काढूनही गाडी तापते. उमेळ्याहून पापडीपर्यंतच जाणाऱ्या गाडीला तर तो जास्तच हवा, कारण छोट्या फेरीत तिचं इंजिन कधी पुरतं गरमच होत नाही. नवा थर्मोस्टॅट घेतला की पातेल्यात पाणी तापवून त्यात दोऱ्याने लोंबता सोडावा आणि उघडतो का ते डोळ्याने बघून मगच बसवावा.

नव्या गाड्यांत तांबं-पितळ राहिलं नाही. ॲल्युमिनियमची जाळी, काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या टाक्या, मधे रबराचं गॅसकेट आणि कडेने मुरडलेला पत्रा. हलका, स्वस्त, मोठ्या कारखान्यात हजारांनी बनणारा माल. त्याला डाग देता येत नाही. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर क्षणात ऑक्साइड चढतं आणि शिसं-कथील तिथे धरत नाही. प्लास्टिकची टाकी वर्षानुवर्षं तापून निवून ठिसूळ होते, आणि बहुधा होज पाइपच्या मानेशी तडकते. मग अख्खा बदलायचा. जुन्या तांब्याच्या रेडिएटरला भंगारात चांगला भाव येतो, म्हणून कितीतरी गाड्यांची दुरुस्त होण्याजोगी जाळी भंगारवाल्याकडे गेली आणि जागी पातळ ॲल्युमिनियम आलं. ते सरसकट वाईट नाही. चांगल्या प्रतीचा, मूळ जाडीचा, मूळ मापाचा असला तर तो उत्तम काम करतो. फसगत होते ती एकाच ओळीच्या नळ्यांचा, विरळ फिन्सचा, पण बाहेरून तेवढाच दिसणारा माल घेतला तर. घेताना जुना शेजारी ठेवून जाडी मोजावी, नळ्यांच्या ओळी मोजाव्यात, आणि पंख्याभोवतीचं कडं त्याच्यावर बसतं का ते पाहावं. ते कडं अनेक जुन्या गाड्यांत तुटून गायब झालेलं असतं. ते नसलं की पंखा जाळीतून वारा ओढण्याऐवजी आपल्याच आजूबाजूची हवा घुसळत बसतो.

झाकण ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू. कुकरमध्ये जसं दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, तसंच इथे. ०.९ असा आकडा छापलेलं झाकण आत तेवढा जादा दाब धरतं, आणि साधं पाणीही ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की दाब धरत नाही आणि गाडी विनाकारण उकळते. याच दाबामुळे तापलेल्या गाडीचं झाकण उघडणं हा जिवावरचा खेळ आहे. झाकण सुटताक्षणी दाब जातो, ११० अंशांचं पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर, छातीवर, हातांवर येतं. गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावं, बोनेट उघडून अर्धा तास थांबावं. वरचा होज पाइप हाताने दाबून बघावा. तो कडक असेल तर आत दाब आहे. मऊ झाल्यावर जाड कापड धरून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावं, फुसकारा संपू द्यावा, मग काढावं. थंड पाणी इंजिन चालू करून थोडं थोडं घालावं. तापलेल्या ब्लॉकवर एकदम बादली ओतली तर ओतीव लोखंड तडकतं. आणि एक लक्षात ठेवायचं. तापलेल्या गाडीचा काटा अचानक खाली आला म्हणजे गाडी थंड झाली असं नाही. पाणी संपलं की सेन्सर कोरड्या हवेत लोंबकळतो आणि काटा उतरतो. तेव्हा गाडी त्याच क्षणी बंद करायची.

कूलंट घालावं का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. वसईत बर्फ पडत नाही, मग कशाला, असा त्यामागचा तर्क असतो. कूलंट गोठू देत नाही हे खरं, पण आपल्याला त्यातले गंजरोधक हवे असतात. तीन भाग कूलंट आणि सात भाग डिस्टिल्ड वॉटर इतकं आपल्या हवेला पुरतं. त्याहून घट्ट केलं तर उष्णता वाहून नेण्याची पाण्याची ताकद कमी होते. रंगावर विश्वास ठेवू नये, कारण कुठल्या रसायनाला कुठला रंग याचा पक्का नियम नाही. तांबे-पितळेच्या, शिशाच्या डागाच्या रेडिएटरला जुन्या पद्धतीचं, सिलिकेटवालं कूलंट घालावं आणि दोन वर्षांनी बदलावं. दीर्घ मुदतीचं सेंद्रिय आम्लाचं कूलंट नव्या ॲल्युमिनियमसाठी ठीक. दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत, आत चिकट गाळ होतो.

काढलेलं कूलंट गटारात सोडायचं नाही. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, म्हणून कुत्री-मांजरं ते चाटतात. मांजराच्या मूत्रपिंडांना चमचाभरही पुरतं. उमेळ्यात गटार म्हणजे शेवटी बावखल किंवा खाडी. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवून, गॅरेजमध्ये जुनं ऑइल नेणाऱ्याकडे द्यावं.

या सगळ्या खटाटोपाला आता सरकारी कागदांचंही वजन आलं आहे. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते, आणि १ एप्रिल २०२२ पासून कारसाठी त्याची फी ५,००० रुपये झाली. दुसऱ्या बाजूला जुलै २०२१ च्या नियमांनी ५० वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची पाटी दिली. म्हणजे १९७४ ची पद्मिनी आता त्या वयाला पोहोचली. अशा गाडीत बाजारू ॲल्युमिनियम कोंबण्याऐवजी तिच्याच टाक्यांवर नवी तांब्याची जाळी बसवणारा हात जिवंत असणं, हे त्या नियमाच्या कागदाहून जास्त महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. वसई फाट्यावर तो हात अजून आहे, आणि त्याला काम मिळत राहिलं तर तो टिकेल.

रेडिएटर बसवून झाल्यावर पाणी भरण्याची घाई करू नये. गाडीचं नाक थोडं चढावर राहील अशी उभी करावी. नवे होज पाइप आणि नव्या क्लिपा, कारण जुना पाइप बाहेरून धड दिसतो आणि आतून सोलून त्याचे तुकडे नव्या जाळीत जातात. हीटर असेल तर तो गरमवर ठेवावा, म्हणजे त्याच्या नळ्यांतली हवाही निघेल. मिश्रण हळूहळू ओतावं, वरचा पाइप हाताने पिळत जावं, बुडबुडे येऊ द्यावेत. झाकण न लावता इंजिन चालू करावं, थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरावं आणि झाकण लावावं. एक फेरी मारून यावी. दुसऱ्या दिवशी सकाळी, पूर्ण थंड गाडीत, पातळी परत बघावी. जेवढी कमी झाली असेल तेवढी हवा आत होती. ती भरली आणि तिसऱ्या सकाळी पातळी हलली नाही, तर फाउंटनच्या कोंडीत गाडी न्यायला हरकत नाही.